घुबडी चवळीचं तुंबडं

९ मार्च
धानोऱ्याहून, मायला भेटून, परत पाड्यावर. जीप चुकली. मोलगीच्या फाट्यावर एक शेणकिडा बघत बसलो होतो. डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, उलटा ढकलत चाललेला. कुठे चाललाय ते त्यालाच दिसत नसणार. चढावर गोळा सुटायचा, घरंगळत खाली. हा परत खाली, परत सुरू. म्हटलं, भाऊ, आपलं काहीतरी नातं लागतं. तेवढ्यात जीप गेली. उरलेला रस्ता पायी.

घरी कोणी नव्हतं. जमनीमावशी आणि तिची मुलगी रंजू मोहाखाली. दि. (दिलवर, मावशीचा मुलगा, माझा दोस्त) सुरतला बांधकामावर. म्हणजे घर त्याचं आणि राहतो मी.

मावशीने मायसाठी लहान तुंबड्यात (वाळवून पोखरलेल्या दुध्यात) घुबडी चवळी दिली होती. घुबडी हे माझं नाव. त्यांचं खरं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. दाणा बारीक, तपकिरी, पांढरा डोळा आणि भोवती काळं कडं. मूठभर घेतली की घुबडं बघतायत असं वाटतं. मायने तुंबडं परत देताना आमच्या कोठीतली चवळी गच्च भरून दिली. "रिकामं भांडं कोनी परत धाडस का रे? लोके काय म्हनतीन?"

चुलीवर आढ्याला मोठं तुंबडं टांगलेलं असतं. हलवून पाहिलं, अर्ध्याहून जास्त रिकामं. मायची चवळी त्यातच ओतायची ठरवली. तोंडाला मक्याच्या कणसाचं बूच, वरून शेणमाती. ती फोडली, ओतली, परत लिंपलं. हुबेहूब. काजळी मणभर होती, ओल्या फडक्याने पुसली. खालून पिवळंधमक निघालं.

मावशीला सांगणार नाही. उघडेल तेव्हा भरलेलं दिसेल. एक चांगलं काम केलं बुवा आज.

१३ मार्च
मोह पडतोय. उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन झाडाखाली. मी पण जातो. अर्धी टोपली वेचून होते, मग मुंग्या, मग सुतारपक्षी, मग रंजू ओरडते, "भटूभाऊ, फुलं खाली आहेत, वर नाहीत!"

रंजू आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकली, मराठी माझ्यापेक्षा चांगली. अखात्रीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी तिचं लग्न.

दुपारी ज्वारीचा रोटला आणि घुबडी. तेल नाही. लाल मिरची, मीठ, वरून आमचूर. मी तीनदा घेतली. मग म्हटलं, मावशी, त्या मोठ्या तुंबड्यातली काढ ना, ती कधी खायची?

मावशी हसली. "ते खायाचं नाही. ते बी आहे."

खायची चवळी कोपऱ्यातल्या कणगीत असते, आणि ती आता तळाला गेली. तुंबड्यातलं बी मावशीच्या मायने माहेरून आणलं, मावशीने तिच्या माहेरून इथे आणलं. आता रंजू नेणार. राखेत घोळवायचं, बूच लिंपायचं, धुरावर टांगायचं. पेरायच्या दिवसापर्यंत कोणी उघडायचं नाही.

"धूर पुसला कोणी?" मावशीने वर बघून विचारलं. मी म्हटलं, मी. स्वच्छ केलं. दोघी हसल्या. रंजू म्हणाली, "उद्या चुलीला पण आंघोळ घाल."

मी पण हसलो. आतलं सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, सांगितलं नाही.

तशी चवळी ती चवळी. मायची थोडी मिसळली तर काय होतं? वेगळी दिसते, निवडता येईल.

२२ मार्च
भिंतीवर एक किडा. ज्वारीच्या दाण्याएवढा, तपकिरी, पाठीवर काळे ठिपके. दुपारी पाण्याच्या माठावर दुसरा. सुपारीच्या डबीत ठेवले. रोटल्याचा तुकडा टाकला, तोंड लावत नाहीत. गूळ टाकला, नाही. एकमेकांच्या मागे मात्र सारखे पळतात.

दि. ने पैसे पाठवले, लग्नाच्या साड्यांचे. मावशीने फोन माझ्याकडे दिला. दि. म्हणाला, "तू आहेस म्हणून मला घरची चिंता नाही." असं मला आजवर कोणी म्हणालेलं नाही. बाप तर आयटीआय सोडलं तेव्हा बोलला तो शेवटचा. "ह्या घरमा परत पाय ठेवू नको." मग सुरत सोडली, नंदुरबारची मिरचीची पथारी सोडली. इथे मात्र कोणी विचारत नाही किती दिवस राहणार. ताट वाढतात.

डबीतला एक मेला. न खाता किती जगतात बघू.

३० मार्च
आज आढ्याखाली आडवा पडलो होतो. वरून आवाज. सर्र. थांबला. परत सर्र. कोरड्या पानावर कोणी बोटं फिरवावीत तसा.

उतरवलं. कान लावला. आत चाललंय.

बूच काढलं आणि भपकन गरम हवा तोंडावर. हात घातला तर हातावर चढले. तेच. डबीतले. शेकडो असतील. मायच्या चवळीला भोकं, गोल, गिरमिटाने पाडल्यासारखी. घुबडीला भोक नाही, पण दाण्यादाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले. एकावर तीन-तीन.

मायच्या कोठीतून आले. मायने दिले, मी आणले, मी ओतले, मी लिंपले. हुबेहूब.

मावशी येताना दिसली तेव्हा बूच कसंतरी कोंबलं. जेवायला बसलो. मावशीने विचारलं, घास का जात नाही? म्हटलं, ऊन लागलं. तिने कैरी भाजून पाणी करून दिलं. प्यायलो. काय माणूस आहे मी.

३१ मार्च
दोन मुठी रुमालात बांधून खापरला. बाजारात धान्याच्या दुकानावर एक चाचा बसतात, जुने व्यापारी. रुमाल उघडला. चाचांनी किडा बोटावर घेतला, लाडाने.

"ये तो घरजमाई है बेटा. आत बसून खातो, खातो, खातो. बाहेर आला की खाणं बंद. फक्त लग्नाची घाई. आठ-दहा दिवस नाचतो, बायको दाण्यावर अंडी चिकटवते, दोघं खलास."

मी म्हटलं, पण ही घुबडी तर धड आहे, भोक नाही. चाचांनी नखाने दाणा फोडला. आत अळी. शाळेतल्या स्वल्पविरामाएवढी, पांढरी. दुसरा फोडला. आत स्वल्पविराम.

"ही आत असते तोपर्यंत आवाज नाही, भोक नाही. बाहेरून दाणा राजा."

धान्यात ठेवायची विषारी गोळी मागितली. चाचा म्हणाले, "घर में लोग सोते हैं?" सोते हैं. "मग नाही देणार. चल." मग हाक मारून: "ऊन दे. पोत्यावर पसर, पातळ. तासभर, वर नाही. उलटसुलट कर. पत्र्यावर टाकशील तर भाजून निघेल."

अशी चवळी कोणी विकायला आणतं का विचारलं. चाचांनी दाणा डोळ्याजवळ नेला. "लहानपणी बघितली होती. आता सगळे सोयाबीन आणतात."

२ एप्रिल
लिहायचं नव्हतं.

सकाळी दोघी मोहाला गेल्यावर बी चाळलं, मायची चवळी आणि किडे काढून चुलीत टाकले. घुबडी पसरायला पोतं शोधलं. पोत्यांत मोह. मग गोठ्याच्या पत्र्यावर पसरली. चाचा पत्र्यावर नको म्हणाले होते ते आठवत होतं. म्हटलं अर्धाच तास, बसून राहतो.

समोरच्या डोंगरावर ढोल वाजायला लागला. कोणाच्या तरी लग्नाचा. नुसतं बघायला गेलो. धारेवर उभा राहून बघणार होतो. मग एकाने हात धरला. मग रांगेत. मग पळसाच्या पानावर भात आणि डाळ. मग परत ढोल.

आलो तेव्हा सावली गोठ्याच्या पलीकडे गेलेली. पत्र्याला हात लावला, तरी चटका. दाणे काही फुटलेले, डोळे पिवळे पडलेले.

गोळा करून तुंबड्यात भरले. लिंपलं. टांगलं.

५ एप्रिल
कोंब येतो का बघायला परवा ओल्या फडक्यात थोडे दाणे बांधले होते, ते उघडले. फुगलेत, बुळबुळीत, वास. एकालाही कोंब नाही. परत बांधले. बांधून काय होणार. कणगीतली खायची पण संपली.

टेकडीवर रेंजला जाऊन दि. ला फोन. सगळं सांगितलं.  त्याच्या मागे काँक्रीट मिक्सरचा खडखडाट.

"तुला घर राखायला ठेवलं होतं की पेटवायला?"

मी चपलेने माती उकरत राहिलो.

"तिला सांगितलंस?" नाही. "मग थांब. आईची धाकटी बहीण तोरणमाळला दिली आहे. गुलाबमावशी. तिनेही लग्नात नेलं होतं हेच बी. सकाळीच जा. आणि भटू, रस्त्यात कुठे थांबू नको रे. तुला हात जोडतो."

६ एप्रिल
खाली तळोदा, मग शहादा, मग घाट चढणारी जीप. छपरावर बसलो. वर हवा गार. गुलाबमावशीचं घर तळ्यापलीकडे, अर्ध्या तासाची वाट.

वाटेत एक म्हातारबाबा वाळलेलं खोड फोडत होते. खोडातून अळी निघाली, करंगळीएवढी जाड, पांढरी. मोठ्या शिंगाचा भुंगा होतो म्हणे तिचा, लाकूड खात दोन-दोन पावसाळे आत पडून राहते. बाबांनी निखाऱ्यावर ठेवली, फुगली, तडतडली. अर्धी मला दिली. शेंगदाण्यासारखी. मग बाबांनी दुसरं खोड घेतलं. मी बसलो. त्यात पण असेल का बघू.

गुलाबमावशीकडे पोहोचलो तर उन्हं कलायला आलेली. बहिणीकडून आलोय म्हटल्यावर काय आनंद! हात धुवायला पाणी, घोंगडी. "आधी जेव. मग बोलू." रोटला आणि घुबडी. आमचूर घातलेली. अगदी जमनीमावशीच्या हातची. भूक एवढी होती की दोनदा वाढून घेतली.

मग सांगितलं, कशाला आलो ते.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, पदर तोंडाला लावून. "गेल्या साली पेरलीच नाही रे. सगळ्यांनी सोयाबीन, मी पण सोयाबीन. थोडी उरली होती, लाडक्या पाहुण्याला ठेवली होती. सकाळपासून शिजायला टाकू, नको टाकू. कोणी येईना. दुपारी म्हटलं खाऊन टाकू आपणच. भिजवली. मग तू आलास."

दुपारी भिजवली. दुपारी मी खोडाजवळ होतो.

माझ्या पोटात आहे आता. ओकून काढता आली असती तर.

७ एप्रिल
सांगितलं.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा जमनीमावशी मोह पसरत होती. मी तुंबडं उतरवून तिच्यापुढे ठेवलं आणि एका दमात बोललो, मायची चवळी, किडे, पत्रा, ढोल, तोरणमाळ. अर्धी मराठी, अर्धी अहिराणी, तिला किती कळलं देव जाणे. तिने बूच काढलं. एक दाणा दातात धरून फोडला, थुंकला. दुसरा. मग हात तसाच आत घालून बसली.

रंजू बोलली. "पुसलंस तेव्हाच कळायला पाहिजे होतं मला. आमच्याकडे तुंबडं धुतं का कोणी?" मग आवाज फाटला. "तिकडे सगळं दुकानातनं येतं. सासूने सांगितलंय, साड्या आमच्या, भांडी आमची. माझं म्हणून एवढंच नेणार होते मी. माझा एक वेल चढला असता कुठेतरी."

मी उठलो. पिशवी भरायला लागलो. तेच येतं मला.

मावशी म्हणाली, "बस."

बसलो.

"तुझ्या मायला सांगू नको."

मला कळलं नाही.

"तिने चांगल्या मनाने भरून दिलं. तिला सांगू नको."

मार खाल्ला असता तर बरं झालं असतं. बापाचा मार पचतो. हे नाही पचत.

रंजू डोळे पुसत लहान तुंबडं हातात फिरवत होती. एकदम थांबली. "भटूभाऊ, ह्यातली आमची चवळी? तुझ्या आईने खाल्ली सगळी?"

टेकडीकडे पळालो. चप्पल राहिली. मायला फोन लावला.

माय: "अर्धी रांधी रे. तुन्हा बापनी भी खादी, चांगली शे म्हने. अर्धी कोठीमा टाकी दिन्ही, आपली चवळीमा."

आमच्या कोठीत. त्याच कोठीत.

"काबर रे, काय व्हयनं?"

काही नाही माय. रंजूच्या लग्नात लागते.

९ एप्रिल
पहाटे निघालो. रंजूने लहान तुंबडं दिलं. आत काही नाही. मावशी दारात होती. आत बघितलं तिने, घालायला काही शोधलं, मग तशीच उभी राहिली. म्हटलं, राहू दे.

फाट्यावर शेणकिडा होता. थांबलो नाही. (लिहितोय म्हणजे दिसला.)

धानोऱ्याला मायने आधीच फोनवर सांगितलं होतं: "तुन्हा बाप घर शे, मांगला दारथीन ये." मागच्या दाराने. माझ्याच घरात. कोठी उघडली तर तोच गरम वास. मायला त्याचं काहीच नाही. "दरसाल लागस भुंगा. चाळनीथीन चाळी लेवो, ऊन देवो, झायं."

चवळी ओसरीवर ओतली, निवडायला बसलो. मोठे पांढरे दाणे आमचे. मधेच एखादं घुबड बघतं. काढायचं, उजेडात फिरवायचं. भोक असेल तर बाजूला. ठिपका असेल तर बाजूला. भोक नाही, ठिपका नाही, ते रुमालावर. रुमालावर फार थोडे येत होते. कधी कधी वाटायचं ठिपका नाही, मग नखाने खरवडलं की निघायचा. आणि निघाला तरी, अळी आत गेली की नाही गेली? बाहेरून दाणा राजा.

उठलो नाही. बर्फाचा गोळा विकणारा आला, शेजारच्या गल्लीत भांडण झालं, ओट्यावर कोणीतरी माझं नाव घेऊन हसलं. उठलो नाही.

माय समोर बसली निवडायला. तिचा हात माझ्याहून भराभर. एक किडा तिच्या बोटावर चढला. तिने त्याला बघितलं. मग लहान तुंबड्याकडे, जे रिकामं आलं होतं. मग माझ्याकडे.

"मी दिन्ही व्हती, तीमा भी व्हतात का रे हाई?"

"नही माय."

"खरं सांग."

"नही म्हनं ना."

माय पुढे निवडत राहिली. पण प्रत्येक दाणा आता डोळ्याजवळ नेत होती, चष्मा नसताना.

१० एप्रिल
तुंबड्याच्या तळाला बसतील एवढे निघाले. एक वेल होईल, दोन होतील, सगळे आतून पोखरलेले असतील तर एकही नाही. फोडून बघता येत नाही. फोडला तर गेला. भिजवून बघायचे म्हटले तरी तेवढे कमी. मावशी काय म्हणेल माहीत नाही. रंजूचं लग्न आलंच.

राख पाहिजे. आमच्याकडे राख कुठली, गॅस आहे. शेजारून आणली. दाणे घोळवले, भरले. कणसाचं बूच ठोकलं, मायने शेणमाती लिंपली. माझ्यापेक्षा नीट.

मग धूर. धुराला काय करायचं म्हणून मागच्या अंगणात तुंबडं हातात धरून उभा होतो. बाप बाहेर आला. माझ्याकडे बघितलं नाही. कोपऱ्यातल्या तीन विटा मांडल्या, वर गोवऱ्या रचल्या, खाली कडबा कोंबला, काडी ओढली. ओली गोवरी, भरपूर धूर. खोकत खोकत लिंबाच्या फांदीला दोरी बांधली. हात पुढे केला. मी तुंबडं दिलं.

"धूर लागस ना त्याले?" एवढंच. कोणाला विचारलं कळलं नाही, मला की मायला की तुंबड्याला.

लागस, मी म्हटलं.

तो आत गेला. मी जेवलो का ते त्याने मायला विचारलेलं ऐकू आलं.

तुंबडं काळं पडत चाललंय. सकाळच्या पहिल्या गाडीने निघायचं. मघाशी उतरवून कान लावला होता. बराच वेळ. काही नाही. सर्र नाही, काही नाही.

पण आवाज मोठे किडे करतात. दाण्यातल्या अळ्या करत नाहीत.

परत कान लावला.